मुलांचा रविवार आणि टाऊन हॉलचे दार

कोल्हापुरात आषाढ लागला की पाऊस पाहुण्यासारखा येऊन जात नाही. घरच्या माणसासारखा मुक्काम ठोकतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर गेली, याची चौकशी सकाळच्या चहाबरोबर होते. 39 फूट ही इशाऱ्याची पातळी आणि 43 फूट ही धोक्याची, हे शाळकरी पोरांनाही पाठ असते. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी हा पाढा घराघरांतून गिरवून घेतला आहे. अशा दिवसांत रंकाळ्यावरचा फेरफटका बंद, पन्हाळ्याची वाट धुक्यात हरवलेली आणि शाळेचे मैदान चिखलाने भरलेले असते. रविवार उजाडतो आणि दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत कोंडली गेलेली पाच-सात वर्षांची मुले दुपार होण्याआधीच घर डोक्यावर घेतात. मग आई-बाबांचे ठरते, ‘चला, मुलांना कुठे तरी छपराखाली घेऊन जाऊ!’

हे ‘कुठे तरी’ म्हणजे नेमके कुठे, हा वरवर पाहता अगदी घरगुती, किरकोळ प्रश्न आहे. त्याचे उत्तरही बहुतेक घरांत ठरून गेलेले असते. मॉलमधला गेम झोन. दारात एक कार्ड घ्यायचे, त्यात पैसे भरायचे, प्रत्येक यंत्रापुढे ते टेकवायचे आणि शिल्लक रक्कम संपेपर्यंत फिरत राहायचे. धडकगाड्या, उड्या मारायची जाळी, रंगीत चेंडूंचा हौद आणि कानठळ्या बसवणारे संगीत यांत दोन-तीन तास निघून जातात. काही यंत्रांतून तिकिटांच्या पट्ट्या बाहेर पडतात. त्या मोजून देऊन अखेरीस एखादे प्लास्टिकचे खेळणे पदरात पडते. तोवर आई-बाबा बाकावर बसून आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून असतात. संध्याकाळी आजीने विचारावे, ‘काय काय पाहिलंस रे?’ तर उत्तर मिळते, ‘मजा आली.’ त्यापुढे सांगण्यासारखे काही नसते. उरतो तो एक हट्ट, ‘उद्या परत जायचं!’

दोष केवळ पालकांचा नव्हे

या चित्राकडे पाहून नाके मुरडणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. मुलांना धावायला, उड्या मारायला, ओरडायला जागा हवीच असते. ती पूर्वी मागावी लागत नसे. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत वाढलेल्या पिढीला वाड्याचा चौक होता, शेजारची तालीम होती, चुलत-मावस भावंडांचा गोतावळा होता. पाऊस पडत असला तरी सोप्यावर काचाकवड्या, सागरगोटे मांडले जात आणि कोपऱ्यात बसलेल्या आजोबांच्या तोंडून पन्हाळ्याच्या वेढ्याची किंवा खासबागेतल्या एखाद्या गाजलेल्या कुस्तीची हकीकत ऐकू येई. मूल खेळता खेळता वारसा उचलत असे आणि त्यासाठी कोणाला वेगळा दिवस काढावा लागत नसे.

वाडे गेले, उपनगरांत सदनिका आल्या. आई-बाबा दोघेही नोकरीला आणि आजी-आजोबा गावाकडे. आठवड्यातून मिळणारा एकच मोकळा दिवस मुलांना आनंदात जावा, ही पालकांची इच्छा प्रामाणिक असते. बाजाराने ती नेमकी ओळखली आणि तिच्यावर आपले दुकान थाटले. समाजाने मात्र त्या रिकाम्या जागेत स्वतःचे काही उभे केले नाही. तेव्हा दोष द्यायचाच झाला, तर त्याचा वाटा सर्वांनी उचलला पाहिजे.

‘मॉलमध्ये निदान मूल सुरक्षित तरी असते,’ असेही सांगितले जाते. ही सुरक्षितताही गृहीत धरण्यासारखी नाही, याची भयंकर जाणीव राजकोटच्या दुर्घटनेने करून दिली. 25 मे 2024 रोजी, उन्हाळ्याच्या सुटीतल्या शनिवारी, तेथील एका गेम झोनला आग लागली आणि निदान 27 जणांचा होरपळून अंत झाला. त्यांत लहान मुलेही होती. अग्निशमन विभागाचा आवश्यक परवाना त्या ठिकाणाला नव्हता, हे नंतर उघड झाले. ज्या छपराखाली आपण मुलांना नेतो, त्याला बाहेर पडण्याचे दुसरे दार आहे का, एवढे विचारण्याची सवय तरी या घटनेनंतर पालकांना लागायला हवी होती.

परंतु शरीराच्या सुरक्षिततेइतकाच आणखी एक प्रश्न आहे. दिवसाच्या अखेरीस मूल घरी काय घेऊन येते? त्याच्या मनात कोणती प्रतिमा रुजते, कोणता प्रश्न उभा राहतो? आणि त्या दिवसभरात आई-बाबांचे व मुलाचे एकमेकांशी किती बोलणे होते?

समुद्राचा देव पंचगंगेकाठी

कोल्हापुरात या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. भाऊसिंगजी रस्त्यावर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासमोर, जुन्या झाडांच्या सावलीत टाऊन हॉलची इमारत उभी आहे. 1872 ते 1876 या काळात ती बांधली गेली. समोरच्या बागेत तोफा मांडलेल्या आहेत. रुग्णालयात नातेवाइकाला डबा पोहोचवायला येणारे हजारो कोल्हापूरकर या इमारतीवरून रोज जातात. त्यांतले किती जण मुलाचा हात धरून तिच्या पायऱ्या चढले असतील?

या वस्तुसंग्रहालयाचा जन्मच कोल्हापूरच्या मातीतून झाला आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. 1940 च्या दशकात तेथे प्राचीन वस्तू सापडू लागल्या. राजाराम महाविद्यालयाचे प्रा. कुंदनगार यांनी त्यांत लक्ष घातले आणि 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सातवाहन काळातले एक नांदते, समृद्ध नगर त्या मातीखालून उजेडात आले. ते वैभव जपण्यासाठी 1946 मध्ये हे संग्रहालय सुरू झाले आणि 1949 पासून ते टाऊन हॉलमध्ये आहे.

येथे कांस्याची एक छोटीशी मूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. एक हात वर करून उभा असलेला एक दाढीवाला पुरुष. हा पोसायडन, ग्रीकांचा सागरदेव. रोमन लोक त्यालाच नेपच्यून म्हणत. उंचावलेल्या हातात एके काळी त्रिशूळ असावा; आता तो नाही. ही मूर्ती भूमध्य समुद्राच्या परिसरात घडली आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी पोहोचली.

पाच-सहा वर्षांचे मूल या मूर्तीसमोर उभे केले आणि ‘याच्या हातात त्रिशूळ होता’ एवढेच सांगितले, तर ते लगेच विचारील, ‘मग हा शंकर का?’ नाही, हा शंकर नव्हे. ‘मग कोण?’ समुद्राचा देव. ‘पण कोल्हापुरात समुद्र कुठे आहे?’ इथून पुढे आई-बाबांची परीक्षा सुरू होते. समुद्र कोकणात आहे. तिथे सोपारा, कल्याण, चौल अशी बंदरे होती. रोमची गलबते पावसाळी वाऱ्यांचा आधार घेत त्या बंदरांना लागत. येताना मद्याचे कुंभ, काच, सोन्या-चांदीची नाणी आणत आणि जाताना इथले मिरे, कापड, मौल्यवान खडे घेऊन जात. बंदरातला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर येई. त्या मालाबरोबर कोणी तरी हा सागरदेवही वर आणला. आणि कोल्हापूरच्या माणसाने त्याला फोडले नाही, फेकून दिले नाही. आपल्या वस्तूंबरोबर जपून ठेवले.

या एका मूर्तीत केवढा इतिहास सामावला आहे! हिंदू समाज म्हणजे स्वतःच्या कोशात गुरफटलेला, समुद्राला भिणारा, जगाशी देणेघेणे नसलेला, असा समज पिढ्यान्‌पिढ्या रुजवला गेला. त्याला खोडून काढायला मोठमोठी भाषणे लागत नाहीत. वीतभर उंचीची एक कांस्यमूर्ती ते काम करते. याच ब्रह्मपुरीतून मिळालेला हत्ती आणि त्यावर बसलेले स्वारही कांस्याचेच आहेत. तो हत्ती बघताना तर मुलांना समजावून सांगण्याचीही गरज पडत नाही.

आणखी एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. समाजमाध्यमांवर प्राचीन भारताच्या वैभवाचे दाखले म्हणून जे संदेश फिरत असतात, त्यांतले बरेचसे निराधार असतात. मोठी झालेली मुले ते तपासून पाहतात, खोटे निघाले की हसतात आणि मग त्याबरोबर खऱ्या वैभवावरचाही त्यांचा विश्वास उडतो. लहानपणीच ज्याने खरी वस्तू डोळ्यांनी पाहिली आहे, त्याला अतिशयोक्तीचा टेकू लागत नाही. स्वाभिमानाला पुराव्याची बैठक देण्याचे काम संग्रहालय करते.

आईच्या नावाचे राजे

दुसरे उदाहरण नाण्यांचे. कोल्हापूर परिसरात सातवाहनकालीन ‘कुर’ राजांची शिशाची नाणी मिळाली आहेत. त्यांवर धनुष्यबाण आहे, टेकडीसारखे चिन्ह आहे, झाड आहे. आणि ब्राह्मी लिपीत राजांची नावे आहेत. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. वासिष्ठीचा मुलगा, माढरीचा मुलगा, गौतमीचा मुलगा! राजाने आपल्या नावाआधी आईची ओळख लावली आहे.

आजच्या मुलाला हे सांगण्याची याहून चांगली वेळ नाही. महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात स्वतःच्या नावानंतर आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासकीय कागदपत्रांसाठी अनिवार्य केला. हा निर्णय म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण, अशी कुजबुज काही ठिकाणी झाली. त्या कुजबुजीला उत्तर शिशाच्या या नाण्यांवर दोन हजार वर्षांपूर्वीच कोरून ठेवलेले आहे. धाकट्या बहिणीच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव पाहिलेल्या मुलाला गौतमीपुत्र राजा परका वाटणार नाही.

याच इमारतीत आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत. शाहू छत्रपतींच्या काळात कोटितीर्थाच्या परिसरात राहून चित्रे काढत बसणारा हा अवलिया कलावंत. त्यांनी रंगवलेले कोल्हापूर पाहावे आणि मग पाऊस उघडल्यावर मुलाला आजच्या कोटितीर्थावर न्यावे. आपण काय राखले आणि काय गमावले, हे त्याला सांगावे लागणार नाही. पलीकडे नव्या राजवाड्यात शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. 1884 साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूतील दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या जीवनातले प्रसंग आहेत. एका शहरात इतके काही असताना पावसाळी रविवारी मुलांना न्यायला जागा नाही, असे म्हणणे म्हणजे घरात कोठार भरलेले असताना उपाशी राहण्यासारखे आहे.

‘मुलांना कंटाळा येतो’

यावर पालकांचा ठरलेला आक्षेप असतो. ‘संग्रहालयात मुलांना कंटाळा येतो.’ हे खरे आहे. पण कंटाळ्याचे कारण वेगळे आहे. गेम झोनमध्ये यंत्र मुलाला गुंतवून ठेवते. पालकाला काहीच करावे लागत नाही. संग्रहालयात काचेआडची वस्तू मुकी असते. तिला बोलते करणारा माणूस शेजारी हवा. तो माणूस आई-बाबांपैकी कोणी तरी असायला हवा, आणि आई-बाबांनाच ती वस्तू ठाऊक नसते. मग ‘चल पुढे’, ‘हात लावू नको’, ‘हे झालं बघून’ असे म्हणत अर्ध्या तासात सारी दालने उरकली जातात. मुलाच्या कंटाळ्यामागे बहुतेक वेळा मोठ्यांचे अज्ञान आणि त्या अज्ञानाचा संकोच लपलेला असतो. वारसा रक्तातून आपोआप उतरत नाही. तो कोणी तरी सांगावा लागतो. ज्या घरात सांगणारा उरला नाही, तिथे तो एका पिढीत थांबतो. मुलांच्या रविवारात पणाला लागलेली गोष्ट ती ही आहे.

या संदर्भात पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची आठवण होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांचा राजा हा मुलगा बालपणीच गेला. त्या दुःखी बापाने आपल्या संग्रहाला मुलाचे नाव दिले. 1920 च्या सुमारास सुरू झालेला हा संग्रह हजारो वस्तूंचा झाला. त्यांत राजेरजवाड्यांचे दागिने शोधायला जाणाऱ्याची थोडी निराशाच होईल. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी. सामान्य घरातल्या माणसाने रोज हाताळलेल्या या वस्तू आहेत. गेलेल्या एका मुलाच्या नावाने उभे राहिलेले ते घर आज पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना आपल्या पणजीचे स्वयंपाकघर दाखवते. एका बापाने इतके केले. आजच्या बापाला महिन्यातून एक तास काढणे जड का जावे?

कणेरीने दिलेले उत्तर

‘जुने पाहायला आता येते कोण?’ असा दुसरा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर कोल्हापूरजवळच कणेरीच्या सिद्धगिरी मठाने दिले आहे. पूज्य अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामींच्या कल्पनेतून तेथे ग्रामजीवनाचे संग्रहालय उभे राहिले. बराचसा भाग मोकळ्या आकाशाखाली आहे. पण आरंभ होतो तो गुहेतून, जिथे प्राचीन ऋषी आणि शास्त्रज्ञ यांची दर्शने घडतात. पुढे माणसाच्या उंचीच्या सिमेंटच्या शिल्पांतून अवघा गाव उभा आहे. लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, तेल्याचा घाणा, सुताराचे किंकरे, विहिरीवरची मोट. महाराष्ट्र आणि कर्नाटकातून कुटुंबेच्या कुटुंबे ते पाहायला येतात. सोबत आलेली आजी एखाद्या दृश्यापुढे थांबते आणि नातवाला सांगू लागते, ‘आमच्याकडे हे असंच होतं.’ आजीच्या तोंडून ते निघाले, की त्या संग्रहालयाचे काम झाले.

मात्र हा गावगाडा दाखवताना अर्धेच चित्र दाखवून चालणार नाही. बारा बलुतेदारांच्या परस्परावलंबनाचे कौतुक जरूर सांगावे. पण त्याच गावात काही बांधवांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, हेही मुलाला त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे. कोल्हापूरच्या मुलाला तर हे सांगणे सोपे आहे. कारण ती वेदना ओळखणारा राजा याच नगरीत होऊन गेला. शाहू छत्रपतींनी 1902 साली मागास समाजासाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा आदेश काढला आणि गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला. बलुतेदारांची शिल्पे पाहून परतणाऱ्या मुलाला वाटेत ही चहाची गोष्ट सांगितली, तर समरसता हा शब्द न उच्चारताही त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचेल.

व्यवसाय मुलांना खेळातून दाखवण्याची कल्पना बाजारालाही सुचली आहे. 1999 साली मेक्सिकोत सुरू झालेल्या ‘किडझानिया’ची शाखा 2013 मध्ये मुंबईत घाटकोपरच्या मॉलमध्ये उघडली. तिथे मुले वैमानिक होतात, डॉक्टर होतात, बेकरीत काम करतात. त्यासाठी खेळातले चलन कमावतात आणि तिथेच ते खर्च करतात. आजूबाजूला खऱ्याखुऱ्या कंपन्यांच्या पाट्या असतात. काम म्हणजे कंपनी, आणि कमाई म्हणजे खरेदी, हा धडा मूल खेळता खेळता गिरवते. त्याबद्दल चिंता वाटणे साहजिक आहे. परंतु त्यातून एक गोष्ट प्रामाणिकपणे शिकण्यासारखीही आहे. तिथे मुलाला स्वतःच्या हाताने काही करायला मिळते. आपल्या संग्रहालयांत त्याला पहिल्यांदा दिसते ती ‘हात लावू नये’ ही पाटी. हाताने केल्याशिवाय लहान मुलाला काही कळत नाही, हे बाजाराने ओळखले. वारशाच्या रखवालदारांनी ते अजून पुरते ओळखलेले नाही.

काय करता येईल?

यासाठी कोट्यवधींच्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पोसायडनची, हत्तीस्वारांची आणि कुर राजांच्या नाण्यांची मोठ्या आकारातली मातीची प्रतिकृती मुलांना हाताळायला ठेवता येईल. असे काम करणारे हात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात आहेत. मूळ वस्तू काचेआड सुरक्षित राहील आणि प्रतिकृतीवर मुलांची बोटे फिरतील. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत, चार सोप्या मराठी वाक्यांच्या पाट्या लावता येतील. फुटक्या खापरांचे तुकडे जुळवून घडा पुरा करण्याचा खेळ मांडता येईल; पुरातत्त्वज्ञ नेमके काय करतो, ते त्यातून कळेल. रविवारी दुपारी तासभर गोष्ट सांगायला निवृत्त शिक्षक आनंदाने येतील. बसायला बाक, प्यायला पाणी, स्वच्छ प्रसाधनगृह आणि संकटकाळी बाहेर पडण्याचा मोकळा मार्ग, एवढे असले की आई-आजीची अर्धी तक्रार संपते. हे संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे असले, तरी शहर त्याच्या पाठीशी उभे राहिले तर शासनही हालते.

समाजात काम करणाऱ्या संघटनांनाही यात मोठे काम आहे. 2025 मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने शताब्दीत पदार्पण केले आणि पंच परिवर्तनाचा विषय घरोघर गेला. त्यातील कुटुंब प्रबोधनात भाषा, भूषा, भजन, भोजन, भवन यांच्याबरोबर ‘भ्रमण’ हाही एक ‘भ’ आहे. भ्रमण म्हणजे केवळ दूरच्या तीर्थक्षेत्राची सहल नव्हे. आपल्याच गावातल्या एका दालनात, एका वस्तूपुढे मुलाबरोबर अर्धा तास उभे राहणे, हेही भ्रमणच आहे. चार-पाच कुटुंबांनी मिळून महिन्यातला एक रविवार ठरवला, एकाने आधी जाऊन एका वस्तूची माहिती करून घेतली आणि इतरांच्या मुलांना ती सांगितली, तर वाड्याच्या चौकातला हरवलेला गोतावळाही थोडा परत मिळेल.

घरात पाळायचे पथ्य अगदी साधे आहे. एका भेटीत सारे संग्रहालय पाहायचे नाही. आदल्या रात्री एकच वस्तू ठरवायची आणि झोपताना तिची गोष्ट अर्धी सांगून ठेवायची. उरलेली अर्धी त्या वस्तूसमोर. वही-पेन्सिल बरोबर न्यावी, मुलाने जमेल तसे चित्र काढावे. तासाभरात बाहेर पडावे, भेळ खावी आणि घरी गेल्यावर ती गोष्ट मुलाने आजीला सांगावी. जी गोष्ट मूल दुसऱ्याला सांगू शकते, तीच त्याची झालेली असते. मग एखाद्या रविवारी त्याने धडकगाडीत बसायचा हट्ट धरला, तर तोही पुरवावा. मुलाचे हसणे हे कोणत्याही विचारसरणीच्या आड येत नाही.

वारसा वाट पाहत नाही

पुढच्या वर्षी जाऊ, मूल जरा मोठे होऊ दे, असे म्हणताना एक गोष्ट विसरू नये. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. शाहू छत्रपतींनी उभारलेले आणि 1915 पासून उभे असलेले हे रंगमंदिर. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती. जळत्या नाट्यगृहासमोर उभे राहून अनेक कलावंत ढसाढसा रडले. त्यानंतर शासनाने पुनर्बांधणी हाती घेतली, पण ज्या लाकडी रंगमंचावर शंभर वर्षे पावले पडली, तो रंगमंच आता कोणाच्याही मुलाला पाहायला मिळणार नाही. त्याआधी ज्या मुलांनी आई-बाबांच्या मांडीवर बसून तिथे एखादे बालनाट्य पाहिले, त्यांच्याकडे निदान आठवण आहे. ज्यांना ‘पुढच्या सुटीत नेऊ’ असे सांगितले गेले, त्यांच्याकडे काहीच नाही.

दोन हजार वर्षे मातीखाली टिकलेली मूर्ती पुढची दोनशे वर्षे टिकेल की नाही, हे शेवटी तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या मुलांच्या संख्येवर ठरेल. ज्यांनी ती लहानपणी पाहिली, जिच्याविषयी प्रश्न विचारले, तेच उद्या नगरसेवक, अधिकारी, शिक्षक झाल्यावर तिची काळजी वाहतील. ज्यांच्या आठवणीत टाऊन हॉल म्हणजे रुग्णालयासमोरची एक जुनी इमारत एवढेच असेल, त्यांच्याकडून ही अपेक्षा कशी करावी?

आषाढाचा पाऊस असाच कोसळत राहील. पंचगंगा पात्राबाहेर येईल, ओसरेल आणि ब्रह्मपुरीची टेकडी ते सारे पाहत राहील. टाऊन हॉल सोमवारी बंद असतो. रविवारी त्याचे दार उघडे असते. छत्री घ्यावी, मुलाचे बोट धरावे आणि त्या पायऱ्या चढाव्यात. समुद्राचा देव आत उभा आहे. तो कोल्हापुरात कसा आला, हे मूल विचारणारच आहे. उत्तराची तयारी मात्र आई-बाबांनी आदल्या रात्रीच करून ठेवावी.